टेबल नसलेल्यांचा टॅब

मे २००३. कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबाड इथल्या परिषदेत ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज पत्रकार वॉल्ट मॉसबर्ग यांच्यासमोर बसले होते. टॅबलेट काढणार का, या प्रश्नाला त्यांनी आडवळण न घेता नाही म्हटलं. लोकांना कीबोर्ड लागतो, टॅबलेट म्हणजे घरात आधीच दोन-तीन कॉम्प्युटर असलेल्या धनिकांची हौस, असा त्यांचा सूर होता. सात वर्षांनी, २७ जानेवारी २०१० रोजी, सॅन फ्रान्सिस्कोच्या रंगमंचावर त्याच जॉब्जनी खुर्चीत ऐसपैस बसून, मांडीवर आयपॅड घेऊन, जगाला तो वापरून दाखवला.

हे घूमजाव एकटंच नव्हतं. सात इंची टॅबलेट जन्मतःच मेलेले आहेत, ते वापरायचे तर बोटं घासून बारीक करायला हवीत, असं जॉब्जनी ऑक्टोबर २०१० मध्ये सुनावलं होतं. दोन वर्षांनी, त्यांच्या मृत्यूनंतर, ॲपलने ७.९ इंची आयपॅड मिनी बाजारात आणला. टॅबलेटबरोबर लेखणी दिसली की समजा बनवणाऱ्यांचं गणित चुकलं, हेही त्यांचंच मत. २०१५ साली ॲपलने लेखणी काढली आणि तिच्या जोडीला कीबोर्डही. पुढे हे सगळं टिंगलीचा विषय झालं. पण टॅबलेटचा इतिहास चाळला तर त्यात मत न बदललेला माणूस शोधावा लागतो. काही जण नकारातून होकारात आले, काही उलट दिशेने गेले, एक-दोघे जाऊन परत आले. बहुतेकांचं मत फिरलं ते यंत्र बदललं म्हणून कमी, ते कोणाच्या हातात आहे हे नीट पाहिलं म्हणून जास्त.

मूळ कल्पना मुलांसाठीची होती. अ‍ॅलन के या अमेरिकन संशोधकाने १९६८ च्या सुमारास मुलांना कॉम्प्युटरवर काम करताना पाहिलं, त्याच काळात सपाट पडद्याचे पहिले नमुनेही पाहिले, आणि या दोन्हींची सांगड घालून 'डायनाबुक' नावाचं यंत्र कागदावर उभं केलं. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेत असताना १९७२ साली त्याने त्यावर निबंध लिहिला. वहीएवढा आकार, वजन दोन किलोच्या आत, किंमत ५०० डॉलरच्या आसपास. त्या निबंधातल्या चित्रात दोन मुलं गवतावर बसून डायनाबुकवर खेळताना दिसतात. कॉम्प्युटरला वातानुकूलित खोली लागायची त्या काळातलं हे चित्र. मात्र के यांच्या डायनाबुकला कीबोर्ड होता आणि मुलांनी त्यावर स्वतः प्रोग्राम लिहावेत अशी त्यांची अट होती. आयपॅड आल्यावर लोक त्यांचं अभिनंदन करू लागले तेव्हा ते फारसे खूश झाले नाहीत. मुलाला केवळ प्रेक्षक बनवणारं यंत्र आपण मागितलं नव्हतं, ही त्यांची तक्रार कायम राहिली.

प्रत्यक्ष बाजारात टिकेल असा पहिला टॅबलेट बनवला जेफ हॉकिन्स या इंजिनियरने. ग्रिड सिस्टिम्स नावाच्या कंपनीतून रजा घेऊन तो बर्कली विद्यापीठात मेंदूचा अभ्यास करायला गेला होता. तिथून परतला तो हाताने लिहिलेलं अक्षर ओळखण्याची एक पद्धत घेऊन. १९८९ मध्ये ग्रिडपॅड बाजारात आला. वजन सुमारे दोन किलो, किंमत २,३७० डॉलर, काळापांढरा पडदा आणि तारेने जोडलेली लेखणी. आजच्या मापाने ते धूडच. पण ते विकलं गेलं, कारण हॉकिन्सने ते ऑफिसातल्या साहेबांना विकायला काढलंच नाही. त्याचं गिऱ्हाईक होतं बाहेर हिंडून फॉर्म भरणारा माणूस. अमेरिकी लष्कराने ते घेतलं, पोलिसांनीही घेतलं. एका हातावर पॅड, दुसऱ्या हातात लेखणी आणि समोर चौकटींचा फॉर्म. कागदाच्या क्लिपबोर्डवर जी बैठक तीच इथे. यंत्राला वळणदार हस्ताक्षर वाचावं लागत नव्हतं, एकेका चौकटीतलं एकेक सुटं अक्षर ओळखलं की भागत होतं.

याच सुमाराला यूपीएस या कुरियर कंपनीने आपल्या चालकांच्या हाती एक तपकिरी यंत्र दिलं. ते १९९१ पासून रस्त्यावर दिसू लागलं. पार्सल घेणाऱ्याने त्याच्या पडद्यावर सही करायची. आज आपल्याकडे दारात उभा असलेला डिलिव्हरीवाला बोटाने सही करायला सांगतो, त्या रीतीचा उगम तिथे आहे. त्या यंत्राला कोणी टॅबलेट म्हटलं नाही, म्हणून टॅबलेटच्या इतिहासात त्याला क्वचितच जागा मिळते. खरं तर पहिली पंगत त्यानेच वाढली होती.

गंमत म्हणजे सिलिकॉन व्हॅलीने ग्रिडपॅडचं यश पाहून नेमका उलटा धडा घेतला. फॉर्म भरणाऱ्यांचा धंदा लहान, तेव्हा हे यंत्र सगळ्यांना विकू, असं ठरलं. जेरी कॅप्लन यांच्या गो कॉर्पोरेशनने लेखणीवर चालणाऱ्या कॉम्प्युटरसाठी गुंतवणूकदारांचे कोट्यवधी डॉलर ओतले. १९९४ मध्ये ती कंपनी मिटली. ॲपलने १९९३ मध्ये न्यूटन आणला, तो लिहिलेलं भलतंच वाचतो म्हणून व्यंगचित्रांत आणि टीव्हीवर त्याची रेवडी उडाली, आणि १९९८ मध्ये जॉब्जनी तो बंद केला. हॉकिन्सने मात्र स्वतःचं मत स्वतःच तपासलं. दोन किलोचा पॅड कामावरच्या माणसाला चालतो, पण घरून निघताना खिशात घालायचं यंत्र हवं असेल तर? त्याने शर्टाच्या खिशात मावेल असा लाकडी ठोकळा बनवून घेतला. कोणी भेटीची वेळ ठरवू लागलं की तो ठोकळा काढायचा आणि त्यावर काडीने लिहिल्याचं नाटक करायचा. त्या ठोकळ्यातून १९९६ मध्ये पाम पायलट जन्मला. टॅबलेटच्या बापाने टॅबलेट सोडून दिला होता.

मग बिल गेट्स आले. नोव्हेंबर २००१ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात त्यांनी भाकीत केलं की पाच वर्षांत अमेरिकेत सर्वाधिक विकला जाणारा पीसी टॅबलेटच असेल. वर्षभराने टॅबलेट पीसी बाजारात आले. दीड किलोच्या घरात वजन, दोन हजार डॉलरच्या आसपास किंमत, आणि आत माऊससाठी बनवलेलं विंडोज. माऊसच्या बाणाने दाबायची बटणं लेखणीच्या टोकाने दाबताना भलेभले मेटाकुटीला येत. मायक्रोसॉफ्टमध्ये या प्रकल्पाशी संबंधित असलेले डिक ब्रास यांनी २०१० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लिहिलं की ऑफिस विभागाच्या प्रमुखाला टॅबलेटची कल्पनाच पसंत नव्हती, त्यामुळे वर्ड-एक्सेल लेखणीला साजेसं कधी झालंच नाही. घरातल्या घरातच एकमत नव्हतं, तिथे गिऱ्हाइकाने काय ऐकावं!

तरीही टॅबलेट पीसी पुरता मेला नाही. २००७ मध्ये मोशन कंप्युटिंग या कंपनीने इंटेलच्या सहकार्याने इस्पितळांसाठी एक टॅबलेट काढला. त्याला वर पकडायला मूठ होती, सांडलेल्या पाण्याने तो बिघडत नव्हता, आणि जंतुनाशकाने पुसता येत होता. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाणारी परिचारिका दिवसभरात किती वेळ खुर्चीत बसते? तिच्यापुढे टेबल नाही. गेट्स यांचं भाकीत टेबलापाशी बसलेल्या माणसाकडे पाहून केलं होतं, आणि त्या माणसाला लॅपटॉप पुरत होता.

आयपॅड आला तेव्हा शहाण्या मंडळींनी नाकं मुरडली. हा तर मोठा आयपॉड. कॅमेरा नाही, यूएसबी नाही, फ्लॅश चालत नाही, एका वेळी दोन कामं होत नाहीत. यातली एकही तक्रार खोटी नव्हती. तरी २८ दिवसांत दहा लाख आयपॅड खपले. मग सगळेच धावत सुटले. एचपीने जुलै २०११ मध्ये आपला टचपॅड आणला आणि दोन महिने व्हायच्या आत गुंडाळून ९९ डॉलरला फुंकून टाकला. ब्लॅकबेरीचा प्लेबुक न खपता गोदामात पडला. २०१३ मध्ये त्या कंपनीचे प्रमुख थॉर्स्टन हाइन्स म्हणाले की पाच वर्षांत टॅबलेट बाळगायला कारणच उरणार नाही. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, असं तेव्हा म्हटलं गेलं. पण आकडे पाहिले तर हाइन्स अगदीच चुकले नव्हते. २०१४ मध्ये जगभरात सुमारे २३ कोटी टॅबलेट दुकानांकडे रवाना झाले, आणि २०१९ पर्यंत हा आकडा साडेचौदा कोटींच्या आसपास उतरला.

मग हे टिकलेले साडेचौदा कोटी गेले कुठे? एक ठिकाण ढगांच्या वर आहे.

अमेरिकन एअरलाइन्सचा वैमानिक २०११ पर्यंत हातात एक काळी पेटी घेऊन विमानात चढायचा. तिचं वजन ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो. आत विमानाच्या सूचनांचे ग्रंथ, आणि विमानतळांचे, धावपट्ट्यांचे, हवाई मार्गांचे नकाशे सुट्या पानांच्या फायलींत लावलेले. धावपट्टीची एखादी खूण बदलली की नवं पान छापून येई. मग घरी किंवा हॉटेलच्या खोलीत बसून जुनी पानं काढा, नवी घाला, क्रमांक जुळवा. हे काम दर पंधरवड्याला. अलास्का एअरलाइन्सने २०११ मध्ये वैमानिकांना आयपॅड दिले. अमेरिकन एअरलाइन्सने त्याच वर्षी डिसेंबरात सुरुवात करून जून २०१३ पर्यंत आपल्या सगळ्या विमानांतून या पेट्या उतरवल्या. कंपनीच्या हिशेबाने २ कोटी ४० लाख पानं कमी झाली आणि वजन घटल्यामुळे वर्षाला सुमारे चार लाख गॅलन इंधन वाचलं. पेटी उचलताना खांदे आणि पाठी दुखावून घेणाऱ्या वैमानिकांचा हिशेब वेगळा. कॉकपिटमध्ये हजार बटणं असतात. कागद पसरायला टेबल मात्र नसतं.

याची दुसरी बाजूही त्याच कंपनीने पाहिली. २८ एप्रिल २०१५ रोजी तिची काही डझन उड्डाणं रखडली, कारण आयपॅडवरचं नकाशांचं ॲप एकाएकी मिटत होतं. कारण निघालं ते असं की वॉशिंग्टनच्या रेगन नॅशनल विमानतळाचा एक नकाशा साठ्यात दोनदा आला होता. ॲप काढून पुन्हा घालायचं तर वायफाय हवं, म्हणून काही विमानं धावपट्टीकडे निघालेली परत दारापाशी आली. कागदाला असा झटका येत नाही, हे खरं. कंपनी तरी पेट्यांकडे परतली नाही.

चेन्नईतली कथा आणखी वेगळी. अजित नारायणन या आयआयटी मद्रासच्या इंजिनियरने सेरेब्रल पाल्सीमुळे बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी 'आवाज' नावाचं यंत्र बनवलं. मुलाने चित्रं किंवा शब्द निवडायचे, यंत्राने वाक्य बोलून दाखवायचं. परदेशात अशी यंत्रं हजारो डॉलरना मिळत, त्यामुळे आपल्याकडे ती जवळपास नव्हतीच. २०१० मध्ये 'आवाज' स्वतःच्या खास पेटीसह आलं. दोनच वर्षांत नारायणन यांच्या कंपनीने ती पेटी बाजूला ठेवली आणि 'आवाज' टॅबलेटवरचं ॲप म्हणून दिलं. स्वतः घडवलेलं यंत्र सोडून द्यायला हिंमत लागते. पण बाजारातला टॅबलेट स्वस्त होता, बिघडला तर गल्लीत दुरुस्त होत होता. शिवाय मुलाच्या पुढ्यात इस्पितळातलं उपकरण असल्यासारखंही दिसत नव्हतं. भावंडांच्या हातात होतं तेच त्याच्या हातात आलं.

भारताने टॅबलेटचा नाद आयपॅडच्या बराच आधी केला होता. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले काही प्राध्यापक आणि एनकोर सॉफ्टवेअर ही कंपनी यांनी मिळून सिम्प्युटर बनवला. २००१ मध्ये त्याचा जगभर गाजावाजा झाला. लिनक्सवर चालणारं, हातात मावणारं, लेखणीचं यंत्र. एका गावाने एकच घ्यावं आणि ज्याने त्याने आपलं स्मार्टकार्ड घालून वापरावं, ही त्यामागची कल्पना. २००४ मध्ये सरकारी भारत इलेक्ट्रॉनिक्सने 'अमिदा' या नावाने तो बनवून ९,९५० रुपयांपासून विकायला काढला. मनगट झटकलं की पान उलटायचं, ही करामत त्यात होती, आयफोन तेव्हा कुठे दिसतही नव्हता. तरी तो काही हजारांच्या पुढे खपला नाही. गावाने मिळून एक यंत्र घ्यावं ही कल्पना सभेत छान वाटते. प्रत्यक्षात ते कोणाच्या घरी ठेवायचं यावर ती अडते. आणि तेवढ्यात मोबाइल फोन ज्याच्या त्याच्या खिशात आला.

सिम्प्युटर विसरला गेला, पण भारत इलेक्ट्रॉनिक्सकडचा अनुभव वाया गेला नाही. २९ जून २०११ रोजी त्रिपुरात सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय जनगणना सुरू झाली, तेव्हा देशातल्या गणनेच्या इतिहासात प्रथमच कागद बाजूला राहिला. देशभरासाठी सहा लाखांच्या वर टॅबलेट बनवले गेले, आणि ते बनवले भारत इलेक्ट्रॉनिक्सने. दारात दोघं यायचे. एक प्रगणक, बहुधा शिक्षक, आणि दुसरा टॅबवर माहिती भरणारा. राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीच्या आधी भरलेल्या अर्जांच्या प्रतिमा त्या यंत्रात घातलेल्या होत्या. प्रश्न विचारून झाले की भरलेली माहिती घरच्यांना वाचून दाखवायची आणि दोघांच्या सह्यांची पोचपावती हातात ठेवायची, असा नियम होता. घराच्या भिंती कशाच्या, जमीन किती, फ्रिज आहे का, दुचाकी आहे का. ओट्यावर उभ्यानेच ही उत्तरं टॅबमध्ये जात होती.

या गणनेची गंमत अशी की तिच्यातली जातीची आकडेवारी अजून प्रसिद्ध झालेली नाही, पण बाकीची माहिती घराघरात पोचली. ग्रामीण भागाचे आकडे जुलै २०१५ मध्ये जाहीर झाले आणि पुढे त्यांच्याच आधारे प्रधानमंत्री आवास योजनेच्या आणि आयुष्मान भारतच्या याद्या बनल्या. ग्रामपंचायतीत घरकुलाच्या यादीत नाव का नाही म्हणून भांडणाऱ्या कितीतरी माणसांना ठाऊकही नसेल की त्यांचं नाव २०११ मध्ये, अंगणात उभ्या असलेल्या एका पोराने टॅबवर कोणत्या चौकटीत खूण केली यावर ठरलं आहे. टॅबलेटच्या उपयुक्ततेची चर्चा तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांत रंगली होती, आणि तिचा विषय होता 'आकाश'.

जुलै २०१० मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी ३५ डॉलरचा, म्हणजे साधारण दीड हजार रुपयांचा टॅबलेट दाखवला, तेव्हा जगातल्या वार्ताहरांनी डोळे चोळले. ५ ऑक्टोबर २०११ रोजी 'आकाश' प्रत्यक्ष आला. बनवणारी कंपनी डेटाविंड, देखरेख आयआयटी राजस्थानची, सरकारी किंमत सुमारे सव्वादोन हजार. सात इंची पडदा नुसत्या स्पर्शाने जागा होत नव्हता, नखाने दाबावं लागे. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, बॅटरी दोन-तीन तासांची. कॉलेजांत पहिले संच गेले तेव्हा विद्यार्थ्यांची निराशा झाली. मग आयआयटी राजस्थान आणि डेटाविंड यांचंच भांडण जुंपलं. मुसळधार पावसात टिकेल अशी चाचणी इतक्या स्वस्त यंत्राकडून कोण मागतं, असा कंपनीचा सवाल होता.

२०१२ मध्ये प्रकल्प पवईला आला. आयआयटी मुंबईतले प्राध्यापक दीपक फाटक यांच्याकडे त्याची सूत्रं गेली. फाटकांनी आधी एक गोष्ट केली, ती म्हणजे टॅब थेट विद्यार्थ्यांना वाटण्याची घाई सोडली. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश २' आला. स्पर्शाला दाद देणारा पडदा, एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, किंमत जवळपास तीच. तो प्रथम गेला अभियांत्रिकी कॉलेजांच्या शिक्षकांकडे, कारण आयआयटी त्यांचे दूरस्थ प्रशिक्षणवर्ग आधीपासून चालवत होती. पवईच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांनी त्यावर सी, पायथन, साइलॅब चालवून दाखवलं. स्वस्त टॅबवर प्रोग्राम लिहिणारा विद्यार्थी, ही अ‍ॅलन के यांना आवडली असती अशी एकमेव जागा. यंत्राचे सुटे भाग चीनमधून येतात की अख्खं यंत्रच, यावर तेव्हा वर्तमानपत्रांत रान पेटलं; शिक्षकांच्या प्रशिक्षणाबद्दल कोणी दोन ओळी लिहिल्या नाहीत.

पुढच्या आवृत्तीचे निकष ठरले, २०१४ मध्ये सरकार बदललं, आणि योजना गुंडाळली गेली. 'आकाश' फसला असं म्हणण्याची रीत आहे. पण त्याच्या आरोळीने एक काम केलं: स्वस्त टॅबची भूक बाजाराला दिसली. एप्रिल २०१२ मध्येच मायक्रोमॅक्सने ६,४९९ रुपयांचा टॅब काढला आणि पाठोपाठ बाजारात रीघ लागली. बँकांचे प्रतिनिधी टॅब घेऊन घरी येऊन खाती उघडू लागले. केवायसीचा फोटो तिथेच काढायचा, अर्ज तिथेच भरायचा. पुन्हा तेच: उभा माणूस, दुसऱ्याचा ओटा, टेबल नाही.

शाळेत मात्र हिशेब जमेना. जुलै २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये असा शासन निर्णय काढला. त्याच वर्षी मुंबई महापालिकेने आठवीच्या सुमारे २२ हजार विद्यार्थ्यांना टॅब दिले, त्यात अभ्यासक्रम भरून. दप्तर हलकं करायचं, हा हेतू चांगलाच होता. पण टॅब चार्ज कुठे करायचा, फुटला तर कोणी दुरुस्त करायचा, पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलला तर काय, हे प्रश्न वाटपाच्या समारंभात कोणी विचारत नाही. नादुरुस्त टॅबच्या तक्रारी पुढे गाजत राहिल्या. हे मुंबईपुरतं नव्हतं. लॉस एंजेलिसच्या शाळांनी २०१३ मध्ये शंभर कोटी डॉलरहून मोठ्या खर्चाची आयपॅड योजना आखली. पहिल्या काही आठवड्यांतच शेकडो मुलांनी कुलपं तोडून हवं ते पाहायला सुरुवात केली आणि २०१४ संपायच्या आत योजना बारगळली. सगळ्यात मोठं पाऊल मागे घेतलं स्वीडनने. बालवाडीतसुद्धा डिजिटल साधनं असलीच पाहिजेत असं तिथल्या अभ्यासक्रमाने २०१९ मध्ये ठरवलं होतं. २०२३ मध्ये शालेय शिक्षणमंत्री लोट्टा एडहोल्म यांनी ते फिरवलं, कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या तज्ज्ञांनी पाठराखण केली, आणि छापील पाठ्यपुस्तकांसाठी त्या वर्षी ६८ कोटी ५० लाख क्रोनर बाजूला काढले गेले.

शाळेतल्या मुलापुढे बाक असतो. पुस्तक त्यावर नीट मावतं, बॅटरी मागत नाही, आणि शेजारच्याच्या पुस्तकात वाकून बघायची सोय असते. पण कोरोनाने तो बाकच काढून घेतला, आणि मतं पुन्हा फिरली. २०२० मध्ये जगभरातली टॅबलेटची विक्री १६ कोटींच्या वर चढली. महाज्योती या महाराष्ट्र सरकारच्या नागपूरच्या संस्थेने ओबीसी आणि भटक्या विमुक्तांच्या मुलामुलींना जेईई-नीटच्या तयारीसाठी टॅब आणि सोबत इंटरनेटचा डेटा दिला. नुसता टॅब देऊन भागत नाही, हे एव्हाना कळलं होतं. शिकवणी दूर शहरात, मूल गावात, घरात अभ्यासाचं टेबल नाही. इथे टॅबला खरोखर काम आहे.

टेबल नसलेल्यांचा टॅब, या नियमाला अपवादही आहेत. हिमाचल प्रदेशच्या विधानसभेने ऑगस्ट २०१४ मध्ये आमदारांपुढचा कागद काढून पडदे बसवले. आमदारांपुढे तर टेबल असतंच. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी २०१९ मध्ये अर्थसंकल्पाची ब्रीफकेस टाकून लाल वहीखातं आणलं आणि १ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याच लाल कापडातून टॅब काढून भाषण वाचलं. याउलट बैठकीवर गाणारे कितीतरी गायक आता मांडीशी टॅब ठेवतात, त्यात तानपुऱ्याचं ॲप आणि बंदिशींच्या वह्या असतात. सांगली-सातारच्या घरांत आजी-आजोबांच्या हाती टॅब दिसतो तो न्यू जर्सीतल्या नातवंडांसाठी. लॅपटॉपचा त्यांना धाक होता. फोनवर चेहरा बारीक दिसे.

तोच फोन पुढे मोठा होत गेला. डेलने २०१० मध्ये पाच इंची 'स्ट्रीक' टॅबलेट म्हणून विकायला काढला होता. २०११ मध्ये सॅमसंगचा ५.३ इंची नोट कानाला लावणाऱ्याला लोक हसत. आज साडेसहा इंची फोनही साधा समजला जातो. येऊ घातलेली जनगणना डिजिटल असेल, पण या वेळी भारत इलेक्ट्रॉनिक्सला लाखो टॅबलेट बनवायला सांगितलेलं नाही. प्रगणक दारात येईल तो स्वतःचाच मोबाइल घेऊन, त्यावर सरकारी ॲप टाकून.